नववी 'ह'

शाळा सोडल्याचा दाखला. गोल शिक्का, निळी सही.
कारणाच्या रकान्यात लिहिलंय:
पालकांच्या विनंतीवरून.

मी विनंती केली नव्हती.
मी फक्त तिसऱ्या हप्त्याची तारीख
दोनदा पुढे ढकलून मागितली होती,
आणि अंबडच्या कारखान्यानं
आमची दुसरी पाळी बंद केली होती.
त्याला रकाना नाही.

जुन्या शाळेत वर्गांना फुलांची नावं.
शर्वरी 'ट्युलिप'मध्ये होती, सत्तावीस जणांत.
नाशकात गुलाब पाहिले, झेंडू पाहिला,
ट्युलिप मी कधी पाहिलं नाही,
नुसती फी भरली.
आता नववी 'ह'.
अ, ब, क, ड, ती बोटं मोडत गेली,
इ, फ, ग,
आणि आठव्या बोटाशी थांबली.

रविवारी अख्खं शहर
मिसळीसाठी मळ्यांकडे निघालेलं,
आम्ही दोघं सायकलींवर उलटे.
त्रिमूर्ती चौक, मुंबई नाका, शालिमारच्या अलीकडे डावीकडे.
गेटवर पगारे मामा पेपर वाचत होते.
"कुठली तुकडी?"
"ह."
"ह लई लांब. तिसरा मजला, शेवटून दुसरी खोली.
पण वारा तिथंच येतो."

आम्ही नळ शोधला. सायकल स्टँड शोधला.
मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का
ते ती एकटी बघून आली, काही बोलली नाही.
मी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये मोजलेला माणूस,
पायऱ्या मोजत होतो मोठ्यानं.
"बाबा, बास."

"इथं मिस नाही म्हणायचं. बाई म्हणायचं."
ती हसली. मग हसू अर्ध्यातच अडकलं.
"बाई म्हणजे? आपल्या मंगलबाईंसारखं?"
मंगलबाईंना आम्ही मार्चपासून नको म्हटलंय.
त्यांची पूनम याच शाळेत, दहावी 'क'.
हे मला माहीत होतं. तिलाही होतं.
भांडी आम्ही दोघंच घासत होतो तेव्हा.
मी नळ जरा मोठा सोडला.

रात्री भूमितीचं पुस्तक.
तिच्याकडे हायपोटेन्यूज होतं,
माझ्याकडे कर्ण.
"तो रथाचं चाक रुतलेला?"
"नाही गं. काटकोनाच्या समोर उभा असतो तो.
सगळ्यात लांब बाजू."
मग आम्ही बसलोच अकरापर्यंत:
लघुकोन, छेदिका, ऊर्ध्वपातन, संप्लवन.
कापूर आणून दाखवला, देव्हाऱ्यातला.
चौदा वर्षांत तिच्या अभ्यासातलं
मला पहिल्यांदा काही येत होतं.
आनंद झाला. लगेच त्याची लाजही वाटली.
हिची शाळा सुटली म्हणून माझी उपयोगी पडली,
असला कसला आनंद.

सोमवार.
ती म्हणाली होती, कोपऱ्यापर्यंतच या.
मी कोपऱ्यापर्यंतच गेलो,
पण कोपरा जरा पुढे सरकवला.
रसवंतीच्या आडून बघत राहिलो.
तीन हजार पोरं. एकच निळा.
दोन मिनिटं ती दिसत होती,
दप्तराला ट्युलिप-काळातलं पिवळं अस्वल लटकलेलं.
मग एक घोळका गेटात शिरला
आणि त्यात अस्वल बुडालं.
रसवाल्यानं विचारलं, "आलं टाकू?"
मी हो म्हणालो. प्यायलोच नाही.

संध्याकाळी मी काही विचारायचं नाही असं ठरवलं,
आणि दारातच विचारलं.

"बरं होतं."
चपला काढल्या. अस्वल दप्तराला नव्हतं.
ते काढलं, पडलं की कुणी ओढलं,
मी विचारलं नाही. हे एक मात्र जमलं.

जेवताना आमटीत बघत म्हणाली,
"उद्यापासून कोपऱ्यापर्यंत पण नको.
मी पूनमबरोबर जाणार.
ती म्हणते, सायकल पिंपळाकडच्या रांगेत लाव,
तिथं कुणी हवा सोडत नाही."

झोपायच्या आधी खाली उतरलो.
अंधारात तिच्या चाकावर अंगठा दाबून पाहिला,
पुढच्या, मग मागच्या.
टणक होतं.